‘फक्त चौकशीला नेलंय’ याचा कागद कुठे मिळेल?

मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन
यांस खुलं पत्र

महोदय,

पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, भाडेकरार हे चालूच असतं, पण माझं नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या फाटकातून येतं. आत गेलेला माणूस पाच-दहा मिनिटांत बाहेर पडतो, गोंधळून इकडेतिकडे बघतो, रस्ता ओलांडतो आणि माझ्या काउंटरला टेकून म्हणतो, “लेखी आणा म्हणाले.” मग मी खुर्ची देतो, पाणी देतो, काय झालं ते विचारतो आणि टाईप करत जातो. आपल्या खात्यातल्या कुणी ऐकून घेण्याआधी माणसांची हकीकत मी ऐकलेली असते. त्या अधिकारात हे पत्र लिहितो आहे. दुसरा अधिकार माझ्याकडे नाही.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. भीतीमुळे म्हणाल तर थोडी आहेच, दुकान तिथेच आहे. पण खरं कारण वेगळं आहे. नाव लिहिलं की एखाद्या साहेबांची बदली होईल, पेपरात चौकट येईल आणि टेबल जिथल्या तिथे राहील. माझी तक्रार त्या टेबलाबद्दल आहे.

आधी एका शब्दाबद्दल सांगतो.

अर्ज घेऊन आत गेलेला माणूस बऱ्याचदा अर्ध्या तासात परत येतो. “काका, एवढा एक शब्द बदलून द्या.” शब्द नेहमी तोच असतो. ‘चोरीला गेला’ खोडायचं आणि ‘गहाळ झाला’ लिहायचं. पीएमटीच्या गर्दीत खिशातून काढून घेतलेला मोबाईल गहाळ. पार्किंगमधून पळवलेली सायकल गहाळ. एका बाईंचं मंगळसूत्र गाडीवरून आलेल्या दोघांनी ओढून नेलं होतं. त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा मानेवर लालभडक वळ होता. त्यांनाही आत सांगितलं गेलं होतं, “तुटून पडलं असेल, गहाळ लिहा.” मंगळसूत्र गहाळ झालं तर मानेवर वळ उठत नाही, एवढं टायपिस्टलाही कळतं. मी शब्द बदलून दिला. पाच रुपये घेतले नाहीत, पण बदलून दिला. ते पाप माझ्याही खात्यावर आहे.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. नव्या भारतीय न्याय संहितेत तर अशा हिसकावण्यासाठी कलम ३०४ स्वतंत्र दिलं आहे. पोलिसांच्या कामकाजाच्या नव्या कायद्यातल्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मुळे हद्द कुणाचीही असली तरी खबर घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. हे मला पाठ आहे, कारण १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा मी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून दुकानात चिकटवला. ३७९ चं ३०३, ४२० चं ३१८, असा. पुढचे काही महिने समोरचे कर्मचारी त्या तक्त्याची झेरॉक्स न्यायला येत. चांगली माणसं होती, पैसेही द्यायची. एवढा मोठा बदल झाला आणि टेबलावरच्या माणसाला तक्ता मिळाला तो झेरॉक्सच्या दुकानातून, याची गंमतही वाटली आणि काळजीही.

‘गहाळ’चं कारण मला माझ्या पुतण्याने समजावलं. तो हवालदार आहे, दुसऱ्या ठाण्यात. म्हणाला, “काका, गुन्हा दाखल केला की आमचा आकडा वाढतो. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांना बोलणी, मग साहेबांची आम्हाला. गहाळचा आकडा कुणी विचारत नाही.” म्हणजे टेबलावर बसून तक्रारी घेणारा ठाणे अंमलदार आळशी नाही की दुष्ट नाही. जो प्रामाणिकपणे गुन्हा नोंदवेल त्याचीच हद्द बिघडलेली दिसेल, असा हिशेब वरून ठेवला आहे. तो हिशेब आपण ठेवता, साहेब. कार्यशाळा घेऊन तो बदलणार नाही.

कार्यशाळेवरून आठवलं. मध्यंतरी समोर ‘जनतेशी संवाद’ अशा काहीशा नावाची एक दिवसाची कार्यशाळा झाली. प्रोजेक्टर, पुष्पगुच्छ, जेवण. प्रमाणपत्रं लॅमिनेट करायला माझ्याकडे आली. त्रेचाळीस होती. संध्याकाळी पाचपर्यंत हवी होती, दिली. त्यातल्या एका प्रमाणपत्रावरचं नाव पुढच्या महिन्यात मला फार जवळून बघावं लागलं.

आता ती रात्र सांगतो.

माझ्या दुकानात संध्याकाळी एक पोरगा काम करतो. वय एकोणीस, मराठवाड्यातला, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. पहाटे पर्वती चढतो, १६०० मीटरची वेळ मोजतो, गोळाफेकीचा सराव करतो. पोलीस भरतीची तयारी. समोरच्या ठाण्यातल्या गणवेशाकडे तो ज्या नजरेने बघायचा, तसं त्या गणवेशाकडे बघणारं दुसरं कुणी त्या रस्त्यावर नसेल. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी आमच्या दुकानातून झेरॉक्स काढून गेलेल्या एका गृहस्थांना मोबाईल सापडेना. गृहस्थ वजनदार होते, त्यामुळे हा मोबाईल गहाळ झाला नाही, चोरीला गेला. रात्री साडेआठला डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या तपास पथकाचे, दोघे साध्या कपड्यांत आले. “चल रे, दोन मिनिटं.” पोरगा हातातली कात्री ठेवून उठला. गुंडाळीतून कापायचा कागद तसाच अर्धवट राहिला.

मी शटर ओढून मागोमाग गेलो. बाकावर बसलो. नऊ, दहा, अकरा. विचारलं की एकच उत्तर, “फक्त चौकशीला आणलंय, अटक नाही.” मी म्हटलं, अटक नाही तर त्याला जाऊ द्या, आणि जाऊ देत नसाल तर कुठेतरी नोंद असेल ना? स्टेशन डायरीत लिहिलंय का? टेबलावरच्या अंमलदाराने वर बघितलं. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावरचं नाव त्याच्या छातीवर होतं. म्हणाला, “काका, तुम्ही झेरॉक्स काढा.”

पोरगा बाहेर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. चप्पल हातात. डाव्या कानात शिट्टी वाजतेय म्हणाला, आणि ते इतक्या हळू की मी पुन्हा विचारलं. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी कान तपासला आणि विचारलं, एमएलसी (मारहाणीची पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करू का? पोरग्याने माझ्याकडे बघितलं आणि “नको” म्हणाला. भरतीचा फॉर्म भरलेला होता. उद्या निवड झाली तर चारित्र्य पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यातूनच जाणार. ज्यांनी मारलं त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घ्यायचा आहे, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी समजलं होतं. मला समजायला दवाखान्यातून दुकानापर्यंतचा रस्ता लागला.

मोबाईल तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या स्वतःच्या स्कूटरच्या डिकीत सापडला. बावीस वर्षांत खरोखर गहाळ झालेली वस्तू म्हणून मला हीच एक आठवते.

महोदय, पोरग्याला दोन थपडा बसल्या एवढ्यासाठी मी आपला वेळ घेत नाही. साडेआठ ते दोन हे साडेपाच तास सरकारी कागदावर कुठेच नाहीत, ही माझी तक्रार आहे. अटक झाली असती तर नियम होते. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा मेमो हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी. त्याच निकालात असंही आहे की चौकशी करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा दिसला पाहिजे आणि चौकशी कुणी केली हे नोंदवहीत लिहिलं पाहिजे. संशयित म्हणून बोलावायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस आहे. साक्षीदार म्हणून बोलावायचं तर कलम १७९ चा लेखी आदेश आहे. दोन्ही वाटा कागदावरूनच जातात. ‘फक्त चौकशीला’ ही तिसरी वाट कुठल्या कलमात आहे, हे मी माझ्या तक्त्यात शोधलं. सापडलं नाही.

मी तक्रार केली. पोरगा नको म्हणत होता, म्हणून माझ्या नावाने केली, मी तिथे बसलो होतो एवढ्यापुरती. वरच्या एका कार्यालयात अर्ज दिला. दोन महिन्यांनी पत्र आलं की ‘आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे.’ संबंधित म्हणजे तेच. मग समोरूनच फोन आला, “जबाब द्यायला या.” रस्ता ओलांडून गेलो. जबाब घेणारे अधिकारी सभ्यपणे बोलले, चहाही दिला. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर जो बसला होता, त्याच्याविषयीच मी सांगत होतो, आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. महिन्याभराने उत्तर आलं. ‘अर्जातील मजकुरात तथ्य आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ टायपिंग बरं होतं. पोरग्याचं आडनाव चुकलं होतं.

दरम्यान माहिती अधिकारात त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रीकरण मागितलं होतं. उत्तर, ‘तांत्रिक कारणास्तव उपलब्ध नाही.’ २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात दारावर, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत आवाजासह चित्रीकरण करायला सांगितलं आहे. ते १८ महिने जपायचं आहे, निदान एक वर्षाखाली तर नाहीच. मी अर्ज केला तेव्हा एक महिनाही झाला नव्हता. समोर भिंतीवर ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ असा फलक आहे. तो शाबूत आहे.

इथे कुणी म्हणेल, एका पोऱ्याच्या कानावरून सगळ्या खात्याला बोल लावू नका. खरं आहे. मी बावीस वर्षांत अशा हवालदार बाईही पाहिल्या आहेत, ज्यांनी घरातून हाकललेल्या म्हातारीला रात्री आपल्या डब्यातलं जेवायला दिलं आणि मुलाला फोन करून असा आवाज लावला की तो पंधरा मिनिटांत रिक्षा घेऊन हजर झाला. पण ती त्यांची माणुसकी होती. आम्हाला विश्वास ठेवायचा आहे तो व्यवस्थेवर. आज टेबलावर कोण बसलंय, या नशिबावर नाही.

आणि नशीब सगळ्यांचं सारखं नसतं, हे या शहराने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिलं. कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना निबंध लिहायची अट घातली गेली. नियंत्रण कक्षाला वेळेत कळवलं नाही म्हणून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. ते सगळं बाहेर आलं, कारण देशभर ओरड झाली. त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर एकच बोलणं होतं, “आपला मुलगा असता तर?” दोन्ही अर्थांनी. गाडीखाली गेलेला असता तर, आणि गाडीत असता तर. माझ्या पोऱ्यासाठी देश ओरडणार नाही. त्याला ओरड न होताच न्याय मिळेल अशी जागा कुठे आहे, ते सांगा.

कायद्यात ती जागा आहे, हे मला उशिरा कळलं. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असंही सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. पण जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. पाच जिल्ह्यांच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारींना एक दार. कायदेशीर प्रक्रिया न पाळता डांबून ठेवणं हा विषय त्या दाराच्या अखत्यारीत स्पष्ट लिहिलेला आहे. बावीस वर्षं पोलीस ठाण्यासमोर अर्ज टाईप करणाऱ्या मला त्या दाराचा पत्ता ठाऊक नव्हता. समोरच्या भिंतीवर हेल्मेटचा, अमली पदार्थांचा, सायबर फसवणुकीचा फलक आहे. हा नाही.

प्रशिक्षणाबद्दल थोडं. पोलिसांना शिकवण्याची शाळा १९०६ साली सुरू झाली ती याच शहरात, भांबुर्ड्यात. पुढे १९०९ ला ती नाशिकला गेली. म्हणजे शिकवण्याची परंपरा जुनी आहे. पण पुतण्याला विचारलं, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसायच्या आधी तुला काय शिकवलं? तो हसला. कवायत पक्की, शस्त्र उघडून जोडणं पक्कं, कलमं पाठ. पण समोर रडणारी बाई, ऐकू न येणारा म्हातारा, मराठी न येणारा बिहारचा गवंडी, आणि आवाज चढवणारा पुढारी हे चौघे एकाच वेळी उभे असताना कुणाचं आधी आणि कसं ऐकायचं, हे कुणी शिकवलं नाही. आधी बसलेल्याचं बघून तो शिकला. आधीच्यानेही तसंच केलं होतं. ‘गहाळ लिहा’ असंच हातोहात पुढे जातं.

आणि तो किती तास जागा असतो, तेही लिहायला हवं. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांवर जाते. अलका चौकातून परतलेला पुतण्या बूट न काढता सोफ्यावर झोपलेला मी पाहिला आहे. पालखीचा बंदोबस्त, मग दहीहंडी, मग गणपती, मध्ये कुणा मोठ्या माणसाचा दौरा. साप्ताहिक सुट्टी कागदावर. महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्युटी २०२२ च्या सुरुवातीला राज्यभर जाहीर झाली. पुरुषाच्या अंगात काय वेगळी बॅटरी असते? चौदाव्या तासाला माणूस ऐकून घेत नाही, हे माझ्या टायपिंगवरूनही मला कळतं. संध्याकाळी सातनंतरच्या अर्जात माझ्या चुका दुप्पट असतात.

तर मागण्या.

पोच द्या. हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोपं. ठाण्यात आलेल्या प्रत्येक लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि शिक्का, तिथल्या तिथे. गुन्हा नोंदवायचा नसेल तर का नाही, ते लेखी. प्राथमिक चौकशी करायची असेल तर कलम १७३ मधली १४ दिवसांची मुदत त्यावरच लिहा, म्हणजे माणसाला रोज चकरा मारायला लागणार नाहीत.

‘फक्त चौकशीला’ बंद करा. ज्याला बोलवाल त्याला कागद द्या. ठाण्यात आलेल्याची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ, कुणी आणलं, कुणी विचारलं, याची नोंदवही फाटकावर ठेवा आणि बाहेर बसलेल्या माणसाला ती बघू द्या.

कॅमेरे चालू आहेत की बंद, हे दर सोमवारी ठाण्याच्या फलकावर लिहा. तक्रार आली की त्या वेळेचं चित्रीकरण त्याच दिवशी बाजूला काढून जपा. कॅमेरा बंद सापडला तर ती प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी धरा, तंत्राची नाही.

ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्या ठाण्याकडे ती वर्ग करू नका. दुसऱ्या परिमंडळातला अधिकारी नेमा, जबाब दुसऱ्या इमारतीत घ्या. तक्रार प्राधिकरणाचा पत्ता, फोन आणि अर्जाचा नमुना प्रत्येक ठाण्याच्या दारात मराठीत लावा. नमुन्याच्या झेरॉक्स मी फुकट काढून देईन. आणि पुण्यासाठी वेगळं जिल्हा प्राधिकरण द्या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं तसं. हे गृह विभागाकडे.

टेबलावर बसवण्याआधी शिकवा. एका दिवसाची कार्यशाळा नको. निदान दोन आठवडे, आणि त्यातला एक दिवस साध्या कपड्यांत, ओळख न देता, दुसऱ्या ठाण्याच्या बाकावर तक्रारदार म्हणून बसायला लावा. एवढं एक केलंत तरी माझं निम्मं टायपिंग कमी होईल. धंदा बुडाला तर बुडू दे. आणि ड्युटी आठ तासांची करा, सगळ्यांची. नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावरून ठाण्याला झापणं थांबवा, नाहीतर शिकवलेलं सगळं पहिल्या मीटिंगला धुऊन निघेल.

पोरगा अजून माझ्याकडेच आहे. पहाटे पर्वती चढतो. डावीकडून हाक मारली तर कधी कधी ओ देत नाही, मग मी उजवीकडे जातो. यावेळी मात्र त्याने स्वतःहून त्याच्या नावाचा अर्ज टाईप केला, मी फक्त काना-मात्रा तपासल्या. प्राधिकरणासाठी एक आणि आयुक्त कार्यालयासाठी एक. येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघे येतो आहोत. प्रत्येकाच्या दोन प्रती असतील. एकेका प्रतीवर शिक्का हवा आहे.

आपला,
पोलीस ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला
पुणे